सुरूच्या बनातलं खिंडार

"कावळा! संकेत, कावळा!"

"कुठंय? कुठंय?"

"तुझ्या डोक्यावर बसायचा बाकी राहिलाय! हाण की काठी!"

संकेतने डोळे मिटून काठी फिरवली. कावळ्याला लागायचं सोडून ती मांडवाच्या खांबावर आपटली आणि तिथून उसळून थेट ॲन्सेल्मच्या कोपरावर बसली. कावळा फक्त दोन पावलं बाजूला सरकला आणि 'चालू द्या तुमचं' अशा नजरेने बघत राहिला.

"आई गं! संकेत, तू राखणदार आहेस की कावळ्याचा बॉडीगार्ड?" ॲन्सेल्म कोपर चोळत ओरडला.

अश्लेषा हसून हसून खालीच बसली. तिने दिनूमामाचा जुना स्वेटर घातला होता. त्याच्या बाह्या एवढ्या लांब होत्या की हसताना तोंडावर हात ठेवला तर अख्खा चेहराच झाकला जायचा. मे महिन्यात स्वेटर! आणि तोही कळंबच्या किनाऱ्यावर! माणिकपूरच्या शाळेतल्या मैत्रिणींना सांगितलं असतं तर त्यांनी तिला वेड्यात काढलं असतं.

पण नव्याण्णव सालचा तो मे महिनाच वेडा होता. एरवी मे म्हणजे अंगाला चिकटलेला बनियन आणि पायाला चटके देणारी वाळू. त्या वर्षी मात्र मधेच वायव्येकडून गार वारा सुटला. आभाळ पिवळट झालं, सूर्य धुळीआड गेला आणि लोक कपाटातल्या चादरी काढून पांघरायला लागले.

"डॅडी म्हणाले ना फोनवर," ॲन्सेल्म म्हणाला, "त्यांच्याकडे शारजातपण असंच चाललंय. वाळवंटातून वारा सुटलाय. चहात वाळू, पावात वाळू! मे महिन्यात एसी बंद करून झोपतात. म्हणाले, दोन दिवसांत वारा तुमच्याकडे पाठवतो!"

"पाठवला की! परत घेऊन जा म्हणावं!" संकेतने नाक शिंकरलं.

ॲन्सेल्म त्यांच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचा. त्याचे डॅडी शारजाला नोकरीला. दर मे महिन्यात अश्लेषा आणि तिचा धाकटा भाऊ संकेत कळंबला मामाकडे निघाले की ॲन्सेल्मचीही पिशवी भरलेली असायची. आणि दिनानाथमामासुद्धा कधी दोघांचा मामा राहिला नाही, तो तिघांचाच मामा झाला. पोहायला त्याने शिकवलं, खेकडा मागून कसा धरायचा ते त्याने शिकवलं, सुटणार नाही अशी गाठ कशी मारायची तेही त्यानेच शिकवलं. पाच वर्षांपूर्वी गावाने समुद्राकाठचं सुरूचं बन राखायला मामाच्या हवाली केलं, तेव्हा त्याने तिघांना सुरूचं एकेक रोप लावायला दिलं होतं. तिघांनी आपापल्या रोपाभोवती शिंपल्यांचं रिंगण केलं होतं. आता ती झाडं विजेच्या खांबाएवढी उंच झाली असतील. असतील, असंच म्हणायला हवं. कारण या वर्षी मामाने बनात जायला मनाई केली होती.

"गांधीलमाश्यांचं पोळं झालंय तिथे. हे एवढं मोठं! संकेत, आठवतंय ना गेल्या वर्षीचं?"

संकेतला चांगलंच आठवत होतं. गेल्या वर्षी एक गांधीलमाशी डसली तेव्हा त्याचा कान वाटीएवढा सुजला होता. त्यामुळे बनाचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.

तशीही या वर्षी तिघांना सवड नव्हती. आशालतामामीची सुकेळी राखायचं मोठं काम त्यांच्याकडे होतं. राजेळी केळी पिकवायची, सोलायची आणि मांडवावर उन्हात वाळवायची. वाळून ती मधाच्या रंगाची झाली, हाताला चिकटायला लागली, की झाली सुकेळी! मामीच्या हाताची सुकेळी म्हणजे विचारूच नका. पण आजवर ती आगाशीच्या बाजारात दुसऱ्याच्या नावावर विकली जात. या वर्षी पहिल्यांदा माणिकपूरचे दुकानदार रमेशशेठ शनिवारी स्वतः येऊन माल बघणार होते. पसंत पडला तर दुकानात पाटी लागणार होती, 'आशालताबाईंची सुकेळी'! मामीने ती पाटी मनातल्या मनात किती वेळा वाचली असेल कोण जाणे.

आणि घरची रीत अशी, की जो राखण करील त्याला पहिलं सुकेळं.

"पोरांनो, जेवायला चला!" विहिरीकडून मामीने हाक मारली. "मांडव झाका बरा! वारा लय सुटलाय!"

तिघांनी जुन्या लुगड्याचं कापड मोठ्या मांडवावर ताणलं आणि खांबाखांबाला बांधलं. घराच्या भिंतीआड एक छोटा मांडव होता, तोही झाकला. तेवढ्यात मामा आला. त्याने एकेक गाठ ओढून पाहिली.

"शाब्बास! माझी भाची शोभतेस. हत्ती बांधला तरी सुटायचा नाही!"

अश्लेषा फुशारून गेली. मामाचं 'शाब्बास' तिला गणिताच्या पैकीच्या पैकी मार्कांपेक्षा गोड लागायचं.

जेवणं उरकून सगळे मागच्या दारी आले आणि बघतात तो काय! मोठ्या मांडवावरचं कापड उडून केळीत जाऊन अडकलं होतं. चिकट, मऊ, अर्ध्याहून जास्त वाळलेल्या सुकेळ्यांवर वाळूचा जाड थर बसला होता. पुसावी तर आणखी आत रुतत होती.

"अगं बाई! कसा झाला हा?" मामी मटकन खाली बसली.

"वाळवंटातली वाळू, दुसरं काय," मामा लगेच म्हणाला. "ॲन्सेल्मचे डॅडी म्हणाले नाही का? दर्या पार करून येतेय. त्यात आपल्या हातात काय आहे?"

कुंपणापलीकडून शेजारच्या धोंडूबाई डोकावल्या. त्यांच्या अंगणातही सुकेळी वाळत होती. "काय गं आशा, काय झाला?" म्हणत त्या आल्या आणि मांडव बघून हळहळल्या. "माझ्याकडे तर कनभर वाळू नाय! जरा पिवळी धूल बसलीय, फडक्याने गेली."

"मग दर्यापारची वाळू माझाच मांडव शोधत आली का?" मामीने मामाकडे पाहिलं. "एवढी वाळू आली कुठून? कापड उडाला कसा?"

मामाने एकदा धोंडूबाईंकडे पाहिलं, एकदा मामीकडे, आणि मग तिघांकडे.

"पोरं आहेत," तो म्हणाला. "बांधलं नसेल नीट. खेळायच्या नादात राहिलं असेल, आणि पळापळीत वाळूही उडवली असेल."

"मामा!" संकेत ओरडला. "तूच तर गाठी बघितल्यास!"

"मी? मी कुठे बघितल्या? मी तर घाईत होतो."

अश्लेषा मामाच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न करत होती, पण मामा पायातली चप्पल नीट करण्यात गुंतला होता.

"तुमच्यावर टाकून मी जेवायला बसले," मामी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "उद्यापासून राखण नको तुमची. जा, खेळा."

"मामा खोटं बोलले!" आंब्याखाली बसल्यावर ॲन्सेल्म उसळून म्हणाला. "तोंडावर खोटं!"

"विसरला असेल," अश्लेषा म्हणाली.

"अर्ध्या तासात? हत्ती बांधायची गोष्ट विसरला?"

"तू गप रे! तुझा मामा आहे का तो?"

हे तोंडातून गेलं आणि अश्लेषालाच लाज वाटली. ॲन्सेल्म उठून मांडवाकडे गेला. जरा वेळाने तिथूनच त्याने हाक मारली, "अश्लेषा, इकडे ये. भांडण नंतर करू."

खांबांवर गाठी होत्या! एकूण एक गाठ जागच्या जागी, आणि प्रत्येक गाठीत कापडाचा फाटका कोपरा. गाठी सुटल्याच नव्हत्या. कापडच फाटून गेलं होतं.

"चल, मामीला दाखवू!" संकेत निघालाच.

"थांब. आधी मामाला." अश्लेषाने एक फाटका कोपरा गाठ न सोडता खांबाच्या टोकावरून वर काढून घेतला. तिला खात्री होती. मामाला दाखवलं की तो कपाळावर हात मारील, 'अरे हो की' म्हणेल आणि स्वतःच मामीला सांगेल.

मामा गोठ्यामागे सायकल पुसत होता. त्याने तो कोपरा हातात घेतला, उलटसुलट केला आणि हळूच म्हणाला, "अशू, जाऊ दे ना हे. मामी दोन दिवस रुसेल, मग विसरेल. तू शहाणी आहेस. मामासाठी एवढं सोसशील ना?"

"म्हणजे तुला आठवतंय?"

मामाने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि नेहमीसारखा हसला. अश्लेषाने कोपरा परत खिशात ठेवला. मामासाठी तिने काहीही सोसलं असतं. पण का सोसायचं, एवढं तरी त्याने सांगायला हवं होतं! रात्री जेवताना मामी कोणाशी बोलली नाही, आणि आमटी छान झाली होती तरी संकेतने दुसऱ्यांदा मागितली नाही. संकेतने आमटी मागितली नाही म्हणजे घरात काय अवस्था असेल, बघा!

शुक्रवारी सकाळी संकेत एक वाळूने माखलेलं सुकेळं पाण्यात धूत बसला होता. फुकट कशाला घालवायचं, असा त्याचा साधा हिशेब. त्याने चावा घेतला आणि थू थू करत काहीतरी तळहातावर काढलं.

"दात पडला?" ॲन्सेल्मने विचारलं.

"दात नाही, शिंपला!"

तिघांची डोकी तळहातावर वाकली. शिंपल्याचा पांढरा चुरा होता. मांडवाखालची वाळू त्यांनी मुठीत घेऊन पाहिली. जाड, करडी, आणि तिच्यातही तसाच चुरा.

"ॲन्सेल्म," अश्लेषा सावकाश म्हणाली, "वाळवंटात शिंपले असतात का रे?"

"उंट असतात! शिंपले कुठले! आणि डॅडी म्हणाले, तिकडची धूळ पिठासारखी असते. धोंडूबाईंकडे बसली ना, तशी पिवळी." ॲन्सेल्म ताडकन उठला. "ही वाळू कळंबचीच आहे! आपल्या किनाऱ्याची!"

"पण किनाऱ्याची वाळू इथे येईलच कशी? मधे सुरूचं बन आहे की! त्यासाठीच तर गावाने ते..."

अश्लेषा बोलता बोलता थांबली. मग तिने फाटक्या लुगड्याच्या लांब पट्ट्या फाडल्या. तिघांनी काठ्यांना पट्ट्या बांधल्या आणि वाडीत ठिकठिकाणी रोवल्या. बाजूच्या पट्ट्या नुसत्या हलत होत्या, आळस दिल्यासारख्या. पण मधल्या! मधल्या पट्ट्या आडव्या होऊन फडफड फडफड वाजत होत्या. वारा एकाच पट्ट्यातून घुसत होता आणि तो पट्टा मोठ्या मांडवावरून जात होता.

"चला, वाऱ्याच्या उलट!" अश्लेषा म्हणाली.

काठ्या रोवत रोवत तिघं वाडीच्या टोकाला, केवड्याच्या कुंपणापाशी पोचले. पलीकडे बन होतं. संकेतचे पाय तिथेच थबकले.

"गांधीलमाश्या," तो कानावर हात ठेवून म्हणाला.

"संकेत, एवढ्या वाऱ्यात माशी उडेल का? ती आधी आगाशीला पोचेल!" ॲन्सेल्मने त्याच्या डोक्याला टॉवेल गुंडाळला. "चल. डसलीच तर मी तुझ्या पुढे आहे."

तिघं कुंपणाखालून सरपटत पलीकडे गेले आणि उभे राहिले.

बन नव्हतंच! रस्त्याच्या बाजूला एक रांग होती, समुद्राच्या बाजूला एक रांग होती, लांबून बघणाऱ्याला बन दिसावं एवढीच. मधे नुसती खोडं. पार मामाच्या कुंपणापासून समुद्राकडच्या त्या विरळ रांगेपर्यंत जमिनीलगत कापलेली, ताजी, तांबूस. भिंत पाडून खिंडार करावं तसं झालं होतं, आणि त्या खिंडारातून गार वारा शीळ घालत, वाळू उधळत येत होता.

संकेत पुढे धावला आणि एका जागी गुडघ्यावर बसला. त्याच्यासमोर शिंपल्यांचं रिंगण होतं. अर्धं वाळूत गेलेलं, पण रिंगणच. मधे एक खोड होतं. त्याला लागून दुसरं रिंगण, दुसरं खोड. मग तिसरं.

"माझं झाड," संकेत म्हणाला. "मी त्याला डब्यातून पाणी घालायचो."

तेवढ्यात रस्त्याकडून माणसांचे आवाज आले. तिघं फांद्यांच्या ढिगाआड दडले. पुढे पांढरी टोपी उलटी घातलेला एक जण होता. नालासोपाऱ्यात बिल्डिंगांना परांचीसाठी लाकडं पुरवणारा विकी, त्याला त्यांनी नाक्यावर पाहिलं होतं. आणि त्याच्या मागे दिनूमामा.

"मामा, टेन्शन नको लेना," विकी म्हणत होता. "उद्या दुपारी लास्ट गाडी. ही पुढची रांगपण उडवतो, मग मामला खतम. वाडीत कॉटेज बांधणार ना तुम्ही, त्याला सरळ दर्या दिसणार. सी व्ह्यू! मुंबईवाले लाइन लावतील."

"उद्याच कर. उद्या बायको शेठला सुकेळी दाखवण्यात असेल. शेजारचे धर्माकाकासुद्धा तिकडेच येतील. इकडे कोणी फिरकणार नाही."

"और वो बच्चे लोग?"

"त्यांना गांधीलमाश्यांची गोष्ट सांगितलीय," मामा हसला. तेच नेहमीचं हसू. "वाळूचंही त्यांच्यावर गेलं. थोरली समजूतदार आहे. मामाने सांगितलं की ऐकते."

ते पुढे निघून गेले. अश्लेषाने स्वेटर काढला. अंगावर काटा आला, वारा झोंबत होता, तरी तिने तो काढला आणि फांद्यांवर टाकून दिला. तिला रडू येत नव्हतं. तिला एवढा राग आला होता की रडायलाही जागा उरली नव्हती. समजूतदार! म्हणजे तिची माया त्याने कुंपणासारखी वापरली होती.

"आत्ताच मामीला सांगू," संकेत म्हणाला.

"नाही. मामा एक विनोद करील, सगळे हसतील, आणि आपण परत खोटे ठरू. लोकांनी डोळ्यांनी बघायला हवं. गाडीसकट." तिने वाळूत बघितलं. टेंपोच्या चाकांसाठी रस्त्यापर्यंत माडाच्या झावळ्या अंथरल्या होत्या, नाहीतर मऊ वाळूत चाक रुतलंच असतं. "ॲन्सेल्म, झावळ्यांखालची वाळू उपसली तर?"

ॲन्सेल्मचे डोळे चमकले. "रिकामी गाडी हलकी, ती तरून जाईल. भरून निघाली की... धप्प!"

"तरी थोडीच उपसायची. येताना रुतली तर सगळं फुकट."

शनिवारी दुपारी रमेशशेठ आले. छोट्या मांडवावरचं सुकेळं त्यांनी तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि मान हलवली. मग मोठ्या मांडवाकडे पाहून त्यांचा चेहरा पडला.

"बाई, हात गोड आहे तुमचा. पण दुकानात वाळूचा माल ठेवला तर माझं गिऱ्हाईक जाईल हो. आज वाळू आली, उद्या येणार नाही कशावरून?"

मामीने पदराने हात पुसले, पुन्हा पुसले. धोंडूबाई आणि त्यांचे यजमान धर्माकाका, गावातले जाणते, अवघडून उभे होते. मामाचा पत्ता नव्हता.

अश्लेषा पुढे झाली. तिने खिशातून फाटका कोपरा काढला.

"मामी, ही आमची गाठ. सुटलेली नाही. कापड फाटलंय. बाकीच्या गाठी खांबांवर आहेत, बघ."

मामीने गाठ हातात घेतली. ती दिनूमामाची गाठ होती, घरातली होडीसुद्धा त्याच गाठीने बांधायचे. मामीला ती डोळे मिटूनही ओळखता आली असती.

"मग वारा एवढा आला कुठून?" ती पुटपुटली.

"त्या पट्ट्या बघ. त्या सांगतील."

वाडीभर काठ्यांवर पट्ट्या ताठ फडफडत होत्या, एकामागे एक, केवड्याच्या कुंपणापर्यंत. मामी चालू लागली. मागून धर्माकाका, धोंडूबाई, आणि सुकेळं चघळत रमेशशेठ. इतक्यात बनाकडून मोठ्ठा आवाज आला. धप्प! आणि पाठोपाठ विकीची हिंदी, जी इथे लिहिण्यासारखी नाही.

कुंपणापलीकडे ॲन्सेल्मसोबत पहाऱ्याला बसलेला संकेत टॉवेल फिरवत नाचत होता. "रुतली! रुतली! धर्माकाका, लवकर या!"

सुरूच्या वाशांनी खच्चून भरलेला टेंपो आसापर्यंत वाळूत बसला होता. ड्रायव्हर जितका जोर लावी तितकं चाक आणखी खाली जाई. समुद्राकडच्या रांगेतलं पहिलं झाड अर्धं कापून तसंच सोडलं होतं. आणि टेंपोला मागून खांदा लावून दिनूमामा उभा होता.

त्याने वर पाहिलं. समोर त्याची बायको, गावचे जाणते आणि माणिकपूरचा शेठ!

"अगं, हे... मरकी झाडं होती. कीड लागलेली," तो हसत म्हणाला. "धर्माकाका, मी सांगणारच होतो. या वाऱ्याचं काय खरं नाही, पडली असती कोणाच्या अंगावर."

कोणी हसलं नाही. धर्माकाकांनी एका खोडावर हात फिरवला. चीक अजून ओला होता.

"दिना," ते म्हणाले, "गावाने तुला राखायला दिला होता रे."

"काका, वारा पावसाळ्यातच येतो ना! तेव्हा सुकेळी नसतातच. मी म्हटलं, मृगाला नवीन रोपं लावीन, कोणाला कळायच्या आत वाढतील. मे महिन्यात कधी असा वारा सुटलाय? आपल्या जन्मात सुटला नाय!"

"सुटला ना पण," मामी म्हणाली.

अश्लेषा मामाच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. झाडांबद्दल, टेंपोबद्दल, गांधीलमाश्यांबद्दल तिला खूप काही विचारायचं होतं. तिने एकच विचारलं.

"मामा, तू आमच्या गाठी बघितल्या होत्यास ना?"

मामाला या वेळी विनोद काही सुचला नाही.

"बघितल्या होत्या," तो शेवटी म्हणाला. "पक्क्या होत्या. पोरांनी काही केलं नाही, आशा. मी... मी त्यांच्यावर ढकललं."

मामीने संकेतला जवळ ओढलं, ॲन्सेल्मच्या केसांतली वाळू झटकली आणि अश्लेषाचा हात घट्ट धरला. "मीच ऐकला नाय रे तुमचा," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

विकीची टोपी सरळ झाली होती. धर्माकाकांनी त्याला टेंपो रिकामा केल्याशिवाय हलू दिलं नाही. सगळे वासे गावच्या चावडीपाशी उतरवले गेले.

संध्याकाळी तिथेच गाव जमलं. वाळूतला शिंपल्याचा चुरा कसा सापडला, पट्ट्या कशा रोवल्या, हे संकेतने तीनदा सांगितलं. दर खेपेला गोष्टीत त्याचं शौर्य थोडं वाढत गेलं. तिसऱ्या खेपेला तर गांधीलमाश्याही आल्या!

"जे आम्हा म्हाताऱ्यांना रोज जाता-येता दिसला नाय, ते या पोरांनी वाऱ्याला विचारून शोधला," धर्माकाका म्हणाले. "समुद्राकडची रांग वाचली ती यांच्यामुळे. शाबास रे वाघांनो! येत्या पावसात गाव पुन्हा बन लावेल, आणि पहिली तीन रोपं यांच्या हातची. दिना रोज पानी घालेल, आणि त्याच्यावर लक्ष गाव ठेवेल."

रमेशशेठनी छोट्या मांडवावरचा सगळा माल उचलला. "पाटी लावतो बाई," ते म्हणाले. "पण मागे बनाची भिंत उभी राहू द्या आधी." मामी हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली! मग तिने रीतीप्रमाणे राखणदारांना पहिली सुकेळी दिली. एरवी ती मामाच्या हातून मिळायची. या वेळी मामीने स्वतः दिली. सुकेळी गोड होती, पण अश्लेषाने आपलं सुकेळं अर्धं मोडून संकेतला दिलं.

सुट्टी संपायच्या आदल्या सकाळी तिघं बनात गेले. वारा पडला होता. नेहमीचा चिकट मे परत आला होता. ॲन्सेल्मच्या डॅडींनी फोनवर सांगितलं होतं, तिकडेही एसी पुन्हा सुरू झाले. खिंडाराच्या तोंडाशी मामा एकटाच झावळ्यांचा कूड बांधत होता, नव्या रोपांना आडोसा म्हणून. तळहातांना फोड आले होते. फांद्यांवर टाकलेला तो जुना स्वेटर त्याने घडी करून एका खोडावर ठेवला होता.

त्याने अश्लेषाला पाहिलं. हसला नाही. काथ्या ओढून गाठ मारली आणि बाजूला झाला.

"बघतेस गं जरा?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "गाठ पक्की आहे का?"

अश्लेषा पुढे झाली आणि दोन्ही हातांनी, सगळं वजन टाकून गाठ ओढली. कूड हलला, गाठ हलली नाही.

"बघितली," ती म्हणाली. कुंपणापलीकडे मामी उभी होती, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "पक्की आहे."

शाब्बास मात्र ती म्हणाली नाही. खोडावरचा स्वेटर तिने उचलला, त्यातली वाळू झटकली आणि तो खांद्यावर टाकून ती पुढच्या गाठीकडे वळली.